पानावरची पुकार

रविवार, ८ सप्टेंबर

आज आमच्या चर्चच्या देवळात माझी पुकार झाली! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ऐकल्या. तीन रविवार ओळीने तेच वाक्य — "ह्या उभयतांचा विवाह योजिला आहे, कोणास योग्य कारणाने हरकत असल्यास त्यांनी ती आताच कळवावी" — आणि मग ती शांतता. कोणी कधी काही कळवत नाही. मी नेहमीसारखी कॅमेऱ्यामागे उभी होते. कॅमेरा म्हणजे काय, तिपाईवर बसवलेला मोबाइल. माझंच नाव ऐकून तो असा हलला की घरून उपासना बघणाऱ्यांना भूकंप झाला वाटलं असेल. वहिनी बाकावरून वळून बघत होती, पदर तोंडाशी. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवरी!

चष्मेवाले तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या त्यांच्या जागी. माझ्याकडून फक्त पाठ दिसते. कान लाल झालेले मात्र दिसले.

ह्या माणसाने मला लग्नाचं विचारलंच नाही, हे लिहून ठेवायला हवं. ते पाळकसाहेबांना म्हणाले, पाळकसाहेब दादाला, दादा वहिनीला, आणि वहिनी मला — कांदा चिरता चिरता! दोघींच्या डोळ्यांत पाणी, कशाचं ते कळेना. आम्ही कितीतरी हसलो त्यावर. पण त्याआधी एकदा मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात नुसती काडी घट्ट करायला गेले, तर म्हणाले, "तुम्ही मान डावीकडे झुकवून वाचता. नंबर बदललाय." मी मान झुकवते हे मला घरच्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे नीट बघितलं होतं.

जेवणानंतर आठवड्याच्या सूचना पानावर टाकल्या. (चर्चच्या पेजला पाळकसाहेब 'पान' म्हणतात, आता मीही.) संडेस्कूलची बदललेली वेळ, आजाऱ्यांना भेटीगाठी, आणि शेवटी पुकार. सूचना पानावर द्यायला लागल्यापासूनची ही पहिलीच. पाळकसाहेबांच्या कागदावरून शब्दन् शब्द उतरवली, हरकतीच्या वाक्यासकट. खाली कमेंटमध्ये फुलांचे गुच्छ येऊन पडतायत. एकाने लिहिलंय, "हरकत एकच — एवढा उशीर का?"

चष्मेवाल्यांच्या लेकीचं तेवढं मनात आहे. समुद्रापलीकडे नोकरीला असते. त्यांना मागे विचारलं होतं. म्हणाले, "तिची काळजी नको." बरं.

सोमवार, ९ सप्टेंबर

दवाखान्यात, दुपारच्या सुट्टीत लिहितेय.

पानावर, कोणाच्या तरी गुलाबांखाली, तीन शब्द — "मला हरकत आहे."

नाव 'निळी छत्री'. चेहऱ्याच्या जागी खरोखरच एका निळ्या छत्रीचा फोटो. खातं उघडून बघायला गेले तर कुलूप.

आधी वाटलं, चेष्टा. चेष्टा करणारा पुढे हसरे चेहरे टाकतो. इथे पूर्णविराम होता.

आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अगं, पुढचा पेशंट पाठवतेस, का दाढ पिकून आपोआप गळायची वाट बघू?" मी पेशंटला बसवून त्याच्या बायकोला आत पाठवलं. तिने मुकाट्याने तोंडही उघडलं, बिचारीने!

मग मी ते केलं. कमेंट लपवली. पुसली नाही — लपवली. लिहिणाऱ्याला स्वतःला दिसत राहते, बाकी कोणाला नाही. त्याला वाटत राहतं आपलं म्हणणं सगळ्यांसमोर आहे. शिव्या देणाऱ्यांसाठी ही सोय वापरायची असं आमचं ठरलेलं. ह्या तीन शब्दांत शिवी कुठे होती?

चष्मेवाल्यांना फोन केला. इतके गप्प राहिले की वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "कोणी टवाळ असेल."

"तुमचं आधीचं काही राहिलंय का? कोणाशी काही?"

"छे! भलतंच काय!"

ही चीड खरी होती. तिच्याआधीचं गप्प राहणं मात्र कानातून जात नाही. ठेवताना म्हणाले, "पुसून टाका ना. तुमच्या हातात आहे."

मंगळवार, १० सप्टेंबर

लपवायचा काय उपयोग! मी लपवायच्या आत वहिनीच्या मैत्रिणीने बघितलं होतं, फोटो काढला होता, आणि आज सकाळी तो फिरून फिरून दादाच्या मोबाइलवर. दादा चर्चचा पंच. चहा तसाच राहिला.

"झाकली मूठ होती, ती तू उघडून चव्हाट्यावर ठेवलीस! देवळात विचारायचं ते देवळात. आता कोण कुठली छत्री—"

"जावईबापूंचं काही लफडं तर नाही ना?" वहिनी.

"तू गप!"

"मी गप, पण गाव गप बसेल का?"

संध्याकाळी पाळकसाहेबांकडे दादा आणि मी. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसलेले. पडद्याकडे बघायची बंदी. मी कमेंट वाचून दाखवली. मग लपवल्याचंही सांगितलं.

ते खुर्चीत पुढे सरकले. मग, "आधी उघडी कर."

"साहेब!" दादा.

"आपण प्रश्न विचारला ना, पंच? उपासनेत कोणी रस्त्यावरून आत येऊन उभा राहिला असता, तर तोंडावर हात ठेवून बाहेर काढला असता?"

"दारातून माणूस येतो, साहेब. छत्री नाही येत."

"छत्रीखाली माणूसच असतो."

ठरलं ते असं — पुढच्या दोन पुकारा होतील, पण हरकत ऐकून निकाल लागेपर्यंत लग्नाची तारीख नाही. दादा परत येताना चार पावलं पुढे चालत होता. मी कमेंट रस्त्यातच उघडी केली.

सभागृह कोणत्या रंगाच्या खुर्च्यांचं घ्यायचं ह्यावर परवा वाद घालत होतो आम्ही. आणि आज लग्नच आहे की नाही, माहीत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

पाळकसाहेबांनी सांगितलं, छत्रीला इनबॉक्समध्ये लिहायचं. मी म्हटलं, "मी लिहिणं बरं दिसतं का? माझंच लग्न."

"आणखी कोणाला येतं हे?"

"कोणालाच नाही."

"मग मी सांगतो, तू उतरव. तू फक्त बोटं."

ते डोळे मिटून सांगत होते. "प्रिय — काय म्हणायचं? प्रिय छत्री?" आम्ही दोघंही हसलो, एवढ्या ताणातही. "नुसतं प्रिय लिही."

'प्रिय, आपली हरकत आम्ही वाचली. ती आम्ही थट्टा समजत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. काय दुखतंय ते सांगाल तर आम्ही ऐकू. — चर्चची मंडळी.'

पान सुरू केलं तेव्हा पंचांच्या सभेत मीच तावातावाने बोलले होते. आजारी माणसं, रात्रपाळीची माणसं, लाजून आत न येणारी माणसं — त्यांच्यासाठी हे दार. आलेल्या प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायचं. बायबलचं वचन फेकून मारायचं नाही, आधी ऐकायचं. ब्लॉगवर उपदेशाचा सारांश, पण साध्या भाषेत. आजाऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. सगळं नीट ठरवलं होतं. पुकारीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. देवळात ते वाक्य एका दमात वाचून टाकायचं असतं. पानावर त्याच वाक्याखाली उत्तरासाठी रिकामी चौकट असते — हे मला दिसायला नको होतं? रोज त्या चौकटीशीच बसते मी.

गुरुवार, १२ सप्टेंबर

उत्तर आलं.

'नवरदेव माझे बाबा आहेत.'

लेक! आधीची बायको नाही, फसवणूक नाही — सुटले! आणि लगेच पुढचं वाचलं.

ती लिहिते — आई गेल्यावर बाबांनी ते गाव सोडलं, इथे दुकान टाकलं. ती इथे कधी आली नाही. पण दर रविवारी आमची उपासना बघते. 'खरं सांगते, उपदेश ऐकत नाही. तिसऱ्या बाकावर बाबांचं टक्कल दिसतं, ते बघते. प्रार्थनेला ते वाकले की मीही वाकते. गेल्या रविवारी मध्येच आवाज तुटला, त्यांचे कान लाल झाले तेव्हा मला कळेना का. मग तुमचं पान उघडलं. बाबांचं लग्न मला सूचनांमध्ये कळलं, संडेस्कूलच्या वेळेखाली. आदल्या दिवशीच फोनवर बोललो होतो. पावसाचं बोलले, गुडघ्याचं बोलले. त्यांना का नाही विचारलं म्हणाल — विचारलं असतं तर म्हणाले असते, सांगणारच होतो. तुम्ही विचारलंत, कोणाला हरकत आहे का. म्हणून तुम्हाला सांगितलं.'

ती तिपाई मी अगदी पहिल्या दिवशी उजवीकडे सरकवून ठेवली होती, खिडकीचा उजेड चुकवायला. म्हणून तिसरा बाक दिसतो. एक लेक त्या कोपऱ्यात बापाला भेटत होती आणि मला पत्ता नाही.

पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले — ऑपरेशनचं पाणी की कसलं, विचारलं नाही. म्हणाले, "ऐकलं म्हणून कळव. बाकी एक अक्षर लिहू नकोस. बापाशी मी बोलतो, मग बाप तिच्याशी बोलेल."

तेवढंच कळवलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. काच पुसत होते, पुसलेलीच.

"पाळकसाहेबांचा फोन आला होता," म्हणाले.

"तिला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो."

अगदी तेच शब्द! मला हसू आलं आणि रडूही.

"कधी? लग्नाचा फोटो पाठवून?"

"वेळ बघून. ती तिकडे एकटी. उगाच जिवाला लागलं असतं तिच्या."

"मग आता लागलं नाही?"

काच उजेडाकडे धरून बघत राहिले. ह्या बोटांवर माझा जीव आहे. बारीकसा स्क्रू चिमट्याने न घेता बोटाच्या पेरावर उचलतात. त्याच बोटांना मोबाइल उचलवत नाही.

"तुम्हीच समजावा ना तिला," म्हणाले. "तुम्हाला लिहिता येतं छान."

मी दार ओढून बाहेर आले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा बघितला. "भांडण?"

"भांडायला समोरच्याने बोलावं लागतं."

"आण त्यांना इथे. खुर्चीत झोपवते, दिवा लावते, भले भले आ करतात."

शनिवार, १४ सप्टेंबर

त्यांनी अजून फोन केलेला नाही. लेकीचा पानावर निरोप —

'ती बाई कशी आहे? तुम्ही ओळखता का तिला?'

एक अक्षर लिहू नकोस, पाळकसाहेब म्हणाले होते. मी मोबाइल उशीखाली ठेवला. कपडे वाळत घातले. धुतलेलीच भांडी परत घासली. वहिनी म्हणाली, "वन्सं, त्या पातेल्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

मग लिहिलं. आधी 'खूप चांगल्या आहेत' — खोडलं. 'देवभीरू, मनमिळाऊ' — छे, ही तर वधू पाहिजेची जाहिरात! शेवटी —

'ओळखते. चव्वेचाळीस वर्षांची आहे. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. भावाच्या घरी राहते. रागावली की बोलत नाही, भांडी घासते. गाताना सूर चढला की तोंड नुसतं हलवते. तुझ्या आईची जागा घ्यायची तिची छाती नाही. तिला घाबरायला होतं. तुझे बाबा तिला आवडतात, कारण त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.'

पाठवलं. 'ओळखते'! खोटं एकही नाही, आणि सगळंच खोटं. ती चर्चशी बोलतेय. तिला वाटतंय ह्या बाजूला कोणीतरी मोठं, शांत, कोणाच्याच बाजूचं नसलेलं बसलंय. आणि बसलेय मी.

उत्तर आलं — 'धन्यवाद. तुम्ही खरं बोलता असं वाटतं.'

रविवार, १५ सप्टेंबर

दुसरी पुकार.

पाळकसाहेब वाचून थांबले आणि म्हणाले, "एक हरकत आली आहे. ती ऐकण्याचं काम चालू आहे. बाकीच्यांनी पानावर आणि पानाबाहेर जीभ आवरावी." लोकांच्या माना माझ्याकडे, मग तिसऱ्या बाकाकडे.

तिसरा बाक रिकामा. चष्मेवाले आज मागच्या दाराशी उभे. कॅमेऱ्यात न दिसतील असे.

उपासना संपायच्या आत इनबॉक्समध्ये — 'आज बाबा दिसले नाहीत. बरे आहेत ना?'

तिला वाटलं, ते आजारी पडले! ती तिकडे घाबरली होती आणि हा माणूस तिच्यापासून लपून दाराशी उभा होता. आणि तिला धीर द्यायला कोण — मी, दुसरा आडोसा घेऊन. सगळेच तिच्यापासून लपलेले. तिचीच छत्री त्यातल्या त्यात उघडी.

गायनमंडळाच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या लिहिलं — 'बाबा बरे आहेत. मागे उभे होते. आणि तुला आतापर्यंत लिहिणारी मीच ती. पाळकसाहेबांनी सांगितलेलं पहिलं पत्र त्यांचं. बाकी माझं. आधी सांगायला हवं होतं.'

पाठवलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

'वाचलं' असं दिसतंय. उत्तर नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला रागावले. आवाज चढवून नाही — हळू. तेच जास्त लागलं.

"पान तुझं नाही. माझंही नाही. मंडळीचं नाव घेऊन तू स्वतःची वकिली केलीस."

"तिने विचारलं—"

"तिने चर्चला विचारलं. तुला नाही."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "पण तुला एकटीला त्या चौकीवर कोणी बसवलं? आम्हीच. पंचांना फुकटात काम होतंय एवढंच दिसलं. लोक जिवाचं बोलतात तिथे, आणि ऐकायला एक बाई, दाढा उपटणाऱ्या बाईच्या काउंटरवर, डबा खाता खाता."

पुढच्या महिन्यापासून पानावर दोघं बसतील. स्वतःच्या घरचं काही आलं की मोबाइल दुसऱ्याच्या हातात. पुकारीची नुसती बातमी द्यायची, तो प्रश्न नाही. "प्रश्न विचारायचा तिथे," ते म्हणाले, "जिथे उत्तर द्यायला उठलेला माणूस आपल्याला दिसतो." हे ब्लॉगवर लिहायला हवं. मी नाही लिहिणार. निदान आत्ता नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

दुपारी मोबाइलवर अनोळखी नंबर (पानावर चर्चचा म्हणून माझाच दिलाय). दवाखान्याचा समजून उचलला — "नमस्कार, दंत..."

"मी छत्री," पलीकडून.

मागच्या जिन्यात जाऊन बसले. ती बराच वेळ भांडली. भांडायचा हक्कच होता. "मी तुम्हाला धन्यवाद म्हटलं! तुमच्याबद्दल तुम्हालाच विचारलं! कसं वाटलं तुम्हाला?"

"वाईट."

"वाटायलाच हवं."

"हो."

मग, "ते भांडी घासायचं खरंय?"

"घरच्या पातेल्यांना कल्हई लावायची गरज नाही."

हसली. हसणं थेट बापाचं — आवाज कमी, श्वास जास्त. आणि त्या हसण्यातूनच तिने ते सांगितलं, जे मला आजवर माहीत नव्हतं. आई आजारी होती तेव्हाही तिला कळवलं नव्हतं. तिची परीक्षा होती म्हणून. रोज फोन व्हायचा. आई झोपलीय, आई बाहेर गेलीय. परीक्षा झाली आणि फोन आला, तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं. "मी पोचले ती दफनालाच. बाबा म्हणाले, तुला त्रास नको म्हणून. मावशी, ते वाईट नाहीत हो. त्यांना सांगताच येत नाही."

मला 'मावशी' म्हणाली.

"तुमच्याबद्दल माझी हरकत नाही," ती म्हणाली. "मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

"मग?"

"मग काय. मला सवय आहे."

गुरुवार, १९ सप्टेंबर

पानावर, सगळ्यांसमोर — 'मी माझी हरकत मागे घेते. दोघांना शुभेच्छा. — लेक.'

खाली फुलंच फुलं. परवापर्यंत कुजबुजणाऱ्यांची सगळ्यात मोठी. दादा घरात गाणं गुणगुणत फिरतोय. वहिनीने माझ्या खांद्यांचं माप घेतलं. "दोन दिवसांत किती वाळलात! ब्लाउज लोंबेल." पाळकसाहेबांचा निरोप, तारीख पक्की करायला हरकत नाही.

मला आनंद व्हायला हवा. होतोय. मग तिचं 'मला सवय आहे' सारखं का आठवतंय?

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुकानात गेले. त्यांचा चेहरा उजळलेला. माझ्यासाठी नवी फ्रेम काढून ठेवली होती, लग्नासाठी, तांबूस. स्वतः नाकावर बसवून दिली, कानामागे काडी नीट केली. इतकं हळू कोणी मला हात लावलेला नाही. मी विरघळले, खोटं कशाला लिहू.

"बघा," म्हणाले, "मिटलं आपोआप."

"आपोआप?"

"तिनेच मागे घेतली ना."

"तुम्ही फोन केलात तिला?"

"आता कशाला? मिटलेलं उकरून काढायचं?"

मी हळूच विचारलं, "तिच्या आईच्या वेळीही असंच मिटलं होतं का?"

बोटं थांबली. रागावतील वाटलं. रागावले नाहीत. फार मऊ आवाजात म्हणाले, "मी तिला वाचवलं हो. तुम्हाला नाही कळायचं. तिचे ते दिवस तरी हसत गेले."

त्यांना खरंच तसं वाटतं! तीच भीती आहे. खोटारडा माणूस असता तर सोपं होतं. उद्या मला काही झालं, डॉक्टरांचा कागद ह्यांच्या हातात आला — माझेही दिवस हे हसत घालवतील. मी विचारीन, आणि हे पावसाचं बोलतील, गुडघ्याचं बोलतील.

म्हटलं, "रविवारच्या आत तिच्याशी बोला. एवढंच मागते. लग्नाचं बोला आणि आईचंही बोला."

"बघू."

"बघू नाही. बोला."

"बघतो ना, म्हटलं."

निघताना आरशात दिसले. फ्रेम छान दिसते मला. फार छान दिसते.

शनिवार, २१ सप्टेंबर

सकाळी लेकीला विचारलं, फोन आला? — 'आला. पाऊस थांबला म्हणाले.'

प्रार्थना करायला बसले, शब्द सुचेनात. फक्त चष्मेवाल्यांचं नाव घेत बसले.

वहिनी सभागृहाच्या खुर्च्यांचं विचारून गेली. म्हटलं, कोणत्याही चालतील.

रविवार, २२ सप्टेंबर

तिसरी पुकार. पाळकसाहेबांनी वाचली आणि थांबले. मी मोबाइल चालूच ठेवून पुढे गेले, बाकांच्या मधल्या वाटेत उभी राहिले.

"मला हरकत आहे," म्हटलं.

सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. चष्मेवाले सोडून.